शून्यागार आणि भय : रंगभूमीवरील भुताच्या अनुपस्थितीविषयी

मराठी नाट्यसमीक्षेत भयानक रसाच्या वाट्याला फारशी प्रतिष्ठा आलेली नाही. करुण, वीर आणि हास्य या रसांची चर्चा विपुल झाली. शोकात्मिकेच्या विवेचनात ॲरिस्टॉटलच्या करुणेसोबत भीतीचा उल्लेखही होत राहिला. पण भीती रंगमंचावर प्रत्यक्ष कशी घडते, नटाचे शरीर, नेपथ्य, ध्वनी आणि प्रकाश यांपैकी कोणता घटक ती घडवतो, हा प्रश्न रहस्यरंजनाच्या व्यावसायिक नाटकांचा म्हणून बाजूला टाकला गेला. वस्तुतः रंगभूमीच्या स्वरूपाविषयी मूलगामी प्रश्न उपस्थित करण्याची क्षमता या रसात आहे. भूतकथेच्या वाचकापुढे भुताचे शरीर नसते. ते त्याच्या कल्पनेत आकार घेते. नाटकात मात्र भुताची भूमिका एका जिवंत, श्वास घेणाऱ्या माणसाला करावी लागते आणि तो जिवंत आहे हे समोरच्या प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक असते. जे नाही ते 'असणाऱ्या' शरीरातून दाखवायचे, हा भूतनाट्याचा मूळ पेच आहे. तो रंगमंचावर कसा सुटतो, आणि भूतनाट्य म्हणून कधीच न ओळखल्या गेलेल्या महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी' या नाटकात त्याचे कोणते रूप दिसते, याचा विचार येथे अभिप्रेत आहे.

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने भयानक रसाचे जे विभाव सांगितले आहेत, त्यांत विकृत आवाज, पिशाच्चादी सत्त्वांचे दर्शन, कोल्हा आणि घुबड यांमुळे उपजणारा त्रास, शून्यागारात किंवा अरण्यात जाणे, स्वजनांचा वध वा बंधन पाहणे किंवा त्याविषयी ऐकणे यांचा समावेश आहे. ही यादी वरवर पाहता सरमिसळीची वाटते. तिच्यात एक भेद मात्र दडलेला आहे. सत्त्वदर्शन हा एकच विभाव भुताला डोळ्यांसमोर आणतो. विकृत आवाज, ओसाड घर, कानावर आलेली वार्ता हे बाकीचे बहुतेक विभाव भुताला आडच ठेवतात. अनुभावांची यादी तर संपूर्णपणे भिणाऱ्याच्या शरीराची आहे : हातापायांचा कंप, डोळ्यांची चंचलता, रोमांच, चेहऱ्याचे वैवर्ण्य, स्वरभेद. भूत कसे दिसावे याविषयी भरत येथे मौन बाळगतो. ते पाहणारा कसा दिसावा हे मात्र तपशिलाने सांगतो.

अभिनवगुप्ताने या मौनाला सैद्धांतिक अर्थ दिला असे म्हणता येईल. प्रेक्षकाची रसप्रतीती व्यक्तिगत सुखदुःखाहून वेगळी कशी, हे स्पष्ट करताना त्याने उदाहरण घेतले ते भयाचेच. 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकात रथ पाठीशी लागलेले हरिण मान वळवून मागे पाहत धावते, त्याचे ते वर्णन. हे हरिण भ्यालेले आहे, परंतु त्या भयाला विशिष्ट देशकालाची मर्यादा उरत नाही; 'मी भ्यालो', 'हा भ्याला', 'शत्रू भ्याला' अशा कोणत्याही संबंधापासून सुटलेले निखळ भय प्रेक्षकाच्या प्रतीतीचा विषय होते, असे त्याचे प्रतिपादन आहे. साधारणीकरणाच्या चर्चेत हा उतारा वारंवार येतो. त्याची एक रंगमंचीय बाजू मात्र सहसा ध्यानात घेतली जात नाही. ते वर्णन दुष्यंताच्या तोंडी आहे. प्रेक्षक हरिण पाहत नाही, हरिण पाहणारा नट पाहतो. नटाची दृष्टी ज्या रिकाम्या जागेवर खिळते, त्या जागेत हरिण निर्माण होते. भयाचा आलंबनविभाव रंगमंचावर अनुपस्थित असूनही, किंबहुना अनुपस्थित असल्यामुळेच, भय इतके शुद्ध रूपात प्रतीत होते.

युरोपीय रंगभूमीच्या इतिहासातही याच तत्त्वाचा पडताळा मिळतो. हेन्री फील्डिंगच्या 'टॉम जोन्स' या १७४९ सालच्या कादंबरीत पार्ट्रिज नावाचे भोळे पात्र गॅरिकचा 'हॅम्लेट' पाहायला जाते. रंगमंचावर आलेले भूत त्याला मुळीच भूत वाटत नाही. नंतर हॅम्लेटची भूमिका करणारा नट घाबरलेला पाहून मात्र त्याचे गुडघे लटपटू लागतात. फील्डिंगने हा प्रसंग विनोदासाठी योजला असला, तरी अभिनयमीमांसेच्या दृष्टीने त्याचे मोल मोठे आहे. जर्मन विचारवंत लिख्टेनबर्गने १७७४-७५ च्या लंडन-मुक्कामात गॅरिकचा हाच प्रवेश पाहिला आणि त्याचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले. होरेशिओ भूत दाखवतो तेव्हा गॅरिक वळतो, पावले मागे घेतो, हात पसरले जातात, तोंड उघडे राहते, आणि बोलणे पूर्ण थांबते. गॅरिकने शब्द उच्चारण्यापूर्वीच आपल्या अंगावर शहारे आल्याचे लिख्टेनबर्ग नमूद करतो. भय संवादाच्या आधी पोचते. संवाद हा त्या भयातून बाहेर येण्याचा पात्राचा प्रयत्न असतो. शब्दांवर अतोनात भिस्त ठेवणाऱ्या मराठी रंगभूमीने मनावर घ्यावी अशी ही गोष्ट आहे.

मराठीत 'हॅम्लेट' आले ते गोपाळ गणेश आगरकरांच्या 'विकारविलसित'च्या (१८८३) रूपाने. परंपरेतील अंधश्रद्धांवर आयुष्यभर कठोर प्रहार करणाऱ्या बुद्धिवाद्याने ज्या नाटकाची कृतीच एका भुताच्या शब्दावर सुरू होते ते मराठीत आणावे, यात केवळ योगायोगाचा विरोधाभास नाही. त्या नाटकातील भूत हा श्रद्धेचा विषय नसून संशयाचा विषय आहे, हे आगरकरांच्या दिलेल्या शीर्षकातूनच सूचित होते : लक्ष विकारांच्या विलसिताकडे आहे, पिशाच्चाकडे नाही. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशी यांचा हॅम्लेट मराठी अभिनयाच्या इतिहासातील एक मानदंड ठरला तो नायकाच्या अंतर्द्वंद्वामुळे. पुढे नागपूरचे नाटककार नाना जोग यांनी या नाटकाचे भाषांतर केले, आणि तेच भाषांतर २०१८ साली चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली व्यावसायिक रंगमंचावर आले. प्रत्येक पिढीला या भुताचा प्रश्न नव्याने सोडवावा लागतो, कारण शेक्सपिअरने तो मुद्दाम अर्धवट ठेवला आहे. पहिल्या अंकात पहारेकरी आणि होरेशिओ यांनाही दिसणारे भूत तिसऱ्या अंकात आईच्या महालात फक्त हॅम्लेटला दिसते. गर्ट्रूडला ती जागा रिकामी दिसते. हा प्रवेश बसवताना दिग्दर्शकाला ठरवावे लागते की प्रेक्षकाने कोणाच्या डोळ्यांनी पाहायचे. भूत प्रत्यक्ष उभे केले तर गर्ट्रूड आंधळी ठरते. रिकामी जागा ठेवली तर हॅम्लेट भ्रमिष्ट ठरण्याचा धोका असतो. खरे भय या दोहोंच्या मधल्या अनिश्चिततेत आहे, आणि ती सांभाळण्याचे काम दोन नटांच्या दोन वेगवेगळ्या दृष्टींना करावे लागते.

या अनिश्चिततेचे सैद्धांतिक विवेचन त्स्वेतान तोदोरोव्हने अद्भुतविषयक ग्रंथात (१९७०) केले आहे. घटना नैसर्गिक की अतिनैसर्गिक, याचा निर्णय होईपर्यंतची दोलायमानता हाच त्याच्या मते या वाङ्मयप्रकाराचा प्राण. निर्णय झाला की कृती एका बाजूला विलक्षणात किंवा दुसऱ्या बाजूला चमत्कारात विलीन होते. मराठी रहस्यप्रधान नाटकांच्या परिचित रचनेला ही कसोटी लावून पाहण्यासारखी आहे. दोन अंक पडदे हलतात, दिवे विझतात, किंकाळ्या ऐकू येतात. तिसऱ्या अंकात हे सारे इस्टेटीसाठी रचलेले कारस्थान असल्याचे उघड होते. भरताने भयानकाचे जे तीन प्रकार मानले (व्याजातून आलेले, अपराधातून आलेले आणि वित्रासितक), त्यांपैकी अशी नाटके पहिल्यावर संपतात. भय खोटे होते असे कळताच प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो आणि ज्या नटाच्या भयावर त्याने विश्वास ठेवला तो मागाहून फसवा ठरतो. भूत खरे नव्हते याने बिघडत नाही. भय खरे नव्हते याने बिघडते. बुद्धिवादाशी इमान राखण्याच्या भरात ही नाटके प्रेक्षकाला त्याच्या स्वतःच्या भयाचा विचार करण्यापासून सोडवतात.

येथे दचकणे आणि भिणे यांतील फरक स्पष्ट करायला हवा. एकाएकी झालेला आवाज, काळोखात अकस्मात उजळलेला चेहरा यांनी प्रेक्षक दचकतो. दचकणे ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. ती क्षणात ओसरते आणि तिच्यामागून बहुधा हसू येते. भयाला कालावधी लागतो. सुझन हिलच्या कादंबरीवरून (१९८३) स्टीफन मॅलट्रॅटने १९८७ साली रचलेले 'द वुमन इन ब्लॅक' हे नाटक लंडनमध्ये १९८९ पासून २०२३ पर्यंत चालले. त्यात दचकवण्याच्या जागा आहेतच. तरीही त्याच्या यशाचे मर्म साधनांच्या दारिद्र्यात आहे. एक रिकामे नाट्यगृह, दोन नट, थोडे सामान आणि ध्वनिमुद्रित आवाज. आपल्यावर गुदरलेली हकीकत सांगण्यासाठी एक वृद्ध वकील एका नटाची मदत घेतो. रंगमंचावर नसलेला कुत्रा नटाच्या हाताच्या हालचालीतून 'दिसू' लागतो. कुत्र्यावर विश्वास ठेवण्याची सवय प्रेक्षकाला आधी लावली जाते आणि मग तीच सवय भुतासाठी वापरली जाते. ज्या कल्पनाशक्तीच्या बळावर नाटक नाटक होते, तीच येथे भयाला जबाबदार ठरते. असे भय प्रेक्षकाला नाकारता येत नाही, कारण ते त्याने स्वतःच घडवलेले असते.

या पार्श्वभूमीवर 'वाडा चिरेबंदी'कडे (१९८५) वळता येईल. विजया मेहता यांनी प्रथम रंगमंचावर आणलेले आणि पुढे 'मग्न तळ्याकाठी' व 'युगान्त' यांसह नाट्यत्रयीचा पहिला भाग ठरलेले हे नाटक विदर्भातील धरणगावच्या देशपांडे कुटुंबाच्या ऱ्हासाची कथा म्हणून, सरंजामी व्यवस्थेच्या विघटनाचे वास्तववादी चित्र म्हणून वाचले गेले आहे. ते वाचन चुकीचे नाही. पण या नाटकाच्या प्रयोगात प्रेक्षकाला येणाऱ्या अस्वस्थतेचा पूर्ण उलगडा त्याने होत नाही. आर्थिक ऱ्हासाने विषाद वाटतो. अंगावर काटा येत नाही. 'वाड्या'त काही जागी काटा येतो, आणि त्याचे कारण समाजशास्त्राहून जुने आहे.

नाटकाचा काळ पाहावा. तात्याजींच्या मृत्यूनंतरचे हे सुतकाचे दिवस आहेत. हिंदू अंत्यविधीच्या कल्पनेनुसार मृत व्यक्ती या काळात 'प्रेत' असते. सपिंडीकरणानंतर ती पितरांत सामावते. म्हणजे घरचा कर्ता पुरुष नाटकाच्या काळात ना जिवंतांत आहे ना पूर्वजांत. ज्या विधीने त्याला वाट मिळायची, त्याच्या खर्चावरून मुलांत वाद आहे. हॅम्लेटचा पिता अंत्यसंस्कारांविना, पापांची क्षमा न मिळता मेला म्हणून भटकतो. तात्याजींचे विधी होणार आहेत, पण ते कोणाच्या पैशाने हे ठरत नाही. एलकुंचवारांनी भूत रंगमंचावर आणले नाही. त्यांनी ज्या अवकाशात भूत असायला हवे तो अवकाश मात्र काटेकोरपणे आखला आणि तो रिता ठेवला. भरताच्या यादीतले शून्यागार ते हेच. शून्यागार म्हणजे माणसे नसलेले घर असे नव्हे. भरल्या घरातला माणूस गेला की ते घर खायला उठते, असे मराठी म्हणते. त्या प्रयोगात घर हे कर्ता असते आणि माणसे त्याचे भक्ष्य. आपले-परके यांची सीमा पुसली गेल्याने परिचितच भयप्रद होते, हे फ्रॉइडने १९१९ च्या निबंधात 'घर' या अर्थाच्या जर्मन शब्दाच्या व्युत्पत्तीवरून दाखवले. मराठी वाक्प्रचाराने ते एका क्रियापदात बांधून ठेवले आहे.

हा रिता अवकाश अभिनयातून भरला जातो तो प्रथम दादीच्या हाकेने. मुलगा गेला हे भान नसलेली ही म्हातारी व्यंकटेशला हाक मारून पुनःपुन्हा वेळ विचारते. संहितेत ही पुनरावृत्ती वार्धक्याचा वास्तववादी तपशील म्हणून खपून जाते. प्रयोगात तिचे कार्य बदलते. मृताला मारलेली प्रत्येक हाक उत्तरासाठी एक जागा मोकळी करते, आणि त्या जागेत क्षणभर प्रेक्षकही उत्तराची वाट पाहतो. अभिनेत्रीने या हाकेत कारुण्य ओतले तर ती करुण होते. लकब म्हणून वापरली तर हास्यास्पद होते. ती भयावह व्हायची तर तिला कोणताच रंग नसावा : रोज संध्याकाळी घरच्या माणसाला वेळ विचारावी इतकी ती सहज असावी. भयाचा भार मग इतरांवर येतो. हाक ऐकून भास्कर, आई, वहिनी, प्रभा यांच्यापैकी कोणाचे हातातले काम किती क्षण थांबते, कोण मान वर करते आणि कोण करत नाही, यावर सारा परिणाम अवलंबून असतो. गॅरिकने जे दोन-तीन पावलांत साधले ते येथे एका संपूर्ण कुटुंबात वाटून दिलेले आहे. वेळ विचारण्यातली खोच वेगळी सांगायला नको. मृत माणसाला वेळ विचारणे म्हणजे घड्याळ ज्यांच्यासाठी थांबले त्यांच्या हाती ते सोपवणे आहे.

दुसरी जागा वहिनीची. रात्री ती घराण्याचे दागिने अंगावर चढवते, तो प्रवेश या नाटकातील सर्वाधिक स्मरणीय दृश्य आहे. त्याचे वाचन सामान्यतः हव्यास आणि गतवैभव या दिशेने होते. पण मराठी लोककल्पनेत धनाशी जखडलेल्या मृतासाठी एक नेमके नाव आहे : समंध. अतृप्त इच्छेने, ठेव्याच्या वा घरादाराच्या लोभाने जो जागा सोडत नाही तो. वाड्यात समंध नाही. सोने आहे, आणि ते जिवंत स्त्रीच्या अंगावर चढते. दागिन्यांचे वजन जसजसे वाढते तसतशी अभिनेत्रीची चाल मंदावली, मान ताठ झाली, आवाज खाली गेला, तर एका स्त्रीच्या शरीरात आधीच्या अनेक स्त्रिया शिरल्याचा भास होतो. भरताने सांगितलेल्या कंपाच्या हे नेमके उलट आहे. येथे संचारी भाव जडता आहे, आणि भिणारे शरीर वहिनीचे नसून तिच्याकडे पाहणाऱ्याचे आहे. अपुरा प्रकाश आणि धातूचा बारीक आवाज यांपलीकडे या दृश्याला काही लागत नाही. पार्श्वसंगीताने ते सुशोभित केले की वहिनी राणी दिसू लागते आणि भय संपते.

तिसरी जागा अंगणात गंजत पडलेल्या ट्रॅक्टरची. तो प्रेक्षकाला दाखवायचा की नटांच्या नजरेतून सुचवायचा, हा नेपथ्याचा प्रश्न वरवर तांत्रिक आहे. परंतु वाड्याच्या दाराशी न हलणारे यंत्र आणि आत न जाणारा मृत अशी जोडी मांडली की दोघांचे स्वरूप एकच होते : जे कामाचे उरले नाही पण जागेवरून उठतही नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. हे सारे कारुण्याच्याच छटा नाहीत काय. प्रत्येक गंभीर कौटुंबिक नाटकाला भूतनाट्य म्हणायचे असेल तर या संज्ञेला अर्थ काय उरतो? आक्षेप महत्त्वाचा आहे. करुणाचा स्थायी शोक आहे, आणि शोक जे घडून गेले त्याकडे पाहतो. भय जे अजून संपलेले नाही त्याकडे पाहते. 'वाड्या'तले देशपांडे तात्याजींसाठी शोक करताना क्वचितच दिसतात. ते त्यांच्यापासून पळताना दिसतात. कोणी मुंबईत पळतो, कोणी हिशोबात, कोणी मौनात. हे भरताचे अपराधजन्य भय आहे. गुरू व राजा यांच्या अपराधातून येणारे भय, असे त्याचे मूळ स्वरूप आहे आणि घरातला पिता दोन्ही असतो. प्रभाचे शिक्षण, आईचे वैधव्य, चंदूचे राबणे या साऱ्यांचे देणे वाड्याने थकवले आहे. थकलेले देणे मागायला मृतच आला पाहिजे असे नाही. तो येईल ही धास्ती पुरते. म्हणूनच शेवटी सोने रंजूच्या पळून जाण्याबरोबर नाहीसे होते तेव्हा त्या नुकसानीत एक चमत्कारिक सुटकाही जाणवते.

भरताने भय हे स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांचा स्वभाव मानले. उत्तम प्रकृतीच्या पुरुषाने ते गुरुजनांपुढे कृतक म्हणून, सौम्य चेष्टांनी दाखवावे अशी सोय ठेवली. घाबरट गडी आणि किंचाळणारी नायिका ही मराठी रहस्यनाटकांतील ठोकळेबाज पात्रे त्या वर्गीकरणाचीच दूरची वारस आहेत. 'वाडा चिरेबंदी'त ही उतरंड उलटते. दादी मृताशी बोलते, वहिनी मृतांचे सोने अंगावर वागवते, आई आणि प्रभा घराच्या काळोखात राहतात, आणि यांपैकी कोणी किंचाळत नाही. भितात ते पुरुष, आणि त्यांचे भय संताप, व्यवहार, टिंगल अशी रूपे घेऊन येते. नटाने भास्करच्या करवादण्यामागचा कंप शोधला नाही तर तो नुसता तापट थोरला भाऊ उरतो. सौम्य चेष्टांची भरताची सूचना येथे अनपेक्षितपणे उपयोगी पडते. फरक इतकाच की हे भय कृतक नाही, ते लपवलेले आहे.

भूतनाट्याची कसोटी त्यामुळे भूत किती प्रभावी दिसले ही ठरत नाही. मृताच्या जागेकडे जिवंत माणसे कोणत्या नजरेने पाहतात आणि ती नजर शेवटपर्यंत प्रामाणिक राहते की नाही, ही ती कसोटी आहे. मराठी रंगभूमीने एकीकडे भुताचे स्पष्टीकरण देऊन त्याला निकालात काढले, आणि दुसरीकडे आपल्या उत्तम कौटुंबिक नाटकांतले भय करुणाच्या नावे जमा केले. भयानकाला त्याच्या नावाने ओळखल्याशिवाय या नाटकांच्या प्रयोगांचा हिशोब पुरा होणार नाही. दादीच्या हाकेनंतरचे दोन क्षण संहितेत छापलेले नसतात. ते दिग्दर्शकाने आणि नटांनी सांभाळायचे असतात, आणि समीक्षेने त्यांची नोंद घ्यायची असते.